पैठणला सहल आणताय? मग बाग शेवटी ठेवा

प्रति,
शाळेच्या सहली काढणारे सर्व मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख शिक्षक यांस,

विषय : पैठणच्या शैक्षणिक सहलीबाबत.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या गावाकडे सहलीच्या गाड्यांची रीघ लागते. पुढच्या काचेवर 'शैक्षणिक सहल' असा कागद, खिडक्यांतून बाहेर आलेले हात, मागच्या बाकावर पातेली आणि तांदळाचं पोतं. वेळापत्रक बहुतेकांचं सारखंच असतं. सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, मग घाईघाईत बीबी का मकबरा आणि दिवस कलता कलता पैठण. गाडी थेट ज्ञानेश्वर उद्यानाकडे वळते. कारंजी चालू असली तर कारंजी बघायची, बाग दुरुस्तीसाठी बंद असली तर फाटकाबाहेर भेळ खायची. धरणाच्या भिंतीकडे बोट करून 'हे जायकवाडी' असं सांगायचं, हजेरी घ्यायची आणि रात्रीच्या मुक्कामाला शिर्डी गाठायची. जुन्या गावात पाय लागलाच तर तो संत एकनाथांच्या देवळापुरता, तोही चपला राखायला दोन पोरं बाहेर उभी करून.

सहलीच्या परवानगीच्या कागदावर मात्र 'ऐतिहासिक व धार्मिक स्थळांना भेट' असंच लिहिलेलं असतं. मी स्वतः इतिहासाचा मास्तर होतो, असे कागद मीही भरले आहेत. त्या ओळीला जागायचं असेल तर पैठणला किमान अर्धा दिवस द्या, सकाळचा द्या आणि पायी फिरा. एवढंच मागायला हे पत्र लिहितोय. पुढचा मजकूर म्हणजे त्या अर्ध्या दिवसात काय दाखवाल, याची माझ्या परीने केलेली जुळवाजुळव.

आधी तुमचा आक्षेप घेतो, कारण तो शिक्षकांच्या खोलीत ऐकलेला आहे. 'पैठणला बघण्यासारखं आहे काय?' किल्ला नाही, राजवाडा नाही, वेरूळसारखी लेणी नाहीत. खरं आहे. सातवाहनांची ही राजधानी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दख्खनचा कारभार ज्या घराण्याने पाहिला, त्यांच्या या नगरातलं एक छप्परही आज उभं नाही. लाकूड कुजलं, विटा लोकांनी नेल्या, गोदावरीच्या पुरांनी उरलंसुरलं झाकलं, आणि वर पुन्हा गाव वसलं. पण मग इतिहास शिकवायला याहून चांगली जागा कुठली? भिंती उभ्या असल्या की मुलं भिंतीपुढे फोटो काढतात. इथे त्यांना विचारावं लागतं, 'राजधानी होती, हे आपल्याला कळलं कशावरून?'

या प्रश्नाचं उत्तर दुरून येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधून आपल्याकडे व्यापाराला येणाऱ्या एका ग्रीकभाषक खलाशाने बंदरांची टिपणं करून ठेवली. त्यात तो सांगतो, की गुजरातच्या भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गाड्यांत भरून अकीक जातीचे दगड भडोचला येतात आणि वाट मोठी बिकट आहे, असंही त्याने लिहिलंय. पाच तासांत एस.टी.ला कंटाळणाऱ्या पोरांना ही वीस दिवसांची बैलगाडी जरूर सांगा. पुढच्या शतकात भूगोलकार टॉलेमीने उज्जैनला चष्टन राज्य करतो आणि पैठणला पुळुमावी, अशी समकालीन दोन राजांची नावं राजधान्यांसकट नोंदवली. आणि नाशिकच्या पांडवलेण्यात याच पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने कोरून घेतलेला लेख आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन तिने त्यात केलंय. एक खलाशी, एक भूगोलकार आणि एक आई असे हे तीन साक्षीदार आहेत. यांतलं कुणीही पैठणात बसून लिहीत नव्हतं, म्हणून साक्ष जास्त भरवशाची.

आता गावात या. सुरुवात पालथ्या नगरीपासून करा. जुन्या वस्तीच्या टेकाडांना आमच्याकडे हेच नाव आहे. कुणाच्या तरी शापाने नगरी पालथी झाली, अशी कथा म्हातारी माणसं सांगतात आणि मला ती कथा आवडते, कारण टेकाड बघितलं की ती पटते. वरवर नुसतं गवत, बाभळी आणि पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, माती. पण पावसाळ्यात जिथे ओहोळाने दरड कापली असेल तिथे मुलांना चार पावलांवर उभं करा. दरडीत आडवे पट्टे दिसतात. राखेचा काळपट पट्टा, त्यावर पिवळट मातीचा, मग खापरांचा थर, मग आडवी बसलेली एखादी जाडजूड वीट, आजच्या विटेपेक्षा केवढी तरी मोठी. थोडं खाली वाकलं तर लाल चकचकीत खापराची कड, शंखाच्या बांगडीचा तुकडा, ज्वारीच्या दाण्याएवढा मणी असं काही दिसतं. निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने १९३०च्या दशकात इथे उत्खनन केलं, मग १९६०च्या दशकात झालं, आणि १९९०च्या दशकातल्या खणण्यात जुन्या विटांच्या देवळांचे अवशेषही हाती आले. मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, शिशाची नाणी असं पुष्कळ निघालं.

इथे एक कडक सूचना. मणी दिसला तर उचलू द्यायचा नाही. पोरं ऐकत नाहीत, खिसे भरतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना कारण सांगा. मणी कुठल्या थरात होता ते गेलं, की तो नुसता मणी उरतो. त्याच्याबरोबर काय काय होतं, तो आधीचा की नंतरचा, हे सगळं पुसलं जातं. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, संग्रहालयात कळवा. शिवाय जमिनीतून निघालेल्या ऐवजाबाबत १८७८चा कायदा आजही लागू आहे. नागरिकशास्त्राचा तासही झाला म्हणायचा.

मातीच्या मूर्तींवरून आठवलं. शालिवाहनाची, म्हणजे दंतकथेतल्या सातवाहन राजाची, गोष्ट मुलांना इथेच सांगा. कुंभाराच्या घरी वाढलेला पोर, नागाचा मुलगा, खेळताना मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करायचा आणि उज्जैनचा विक्रम चालून आला तेव्हा त्याने ती मातीची फौज जिवंत केली. गोष्ट म्हणून सांगा, पण तिथेच थांबू नका. शालिवाहन शकाचा हिशेब आठवीच्या मुलांना झेपतो. इसवी सनातून ७८ वजा केले की शक निघतो, आणि आपल्या सरकारने २२ मार्च १९५७पासून राष्ट्रीय दिनदर्शिकेला हाच शक धरला. मात्र ही कालगणना सुरू केली ती सातवाहनांनी नव्हे. ती शक किंवा कुषाण राजांची, असं बहुतेक संशोधक मानतात. शालिवाहनाचं नाव तिला कैक शतकांनी चिकटलं. ज्या शकांना गौतमीपुत्राने हरवलं त्यांचीच कालगणना त्याच्या घराण्याच्या नावाने चालते, यात मुलांना गंमत वाटते. मला तर अजून वाटते.

संग्रहालय चुकवू नका. बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं हे शासकीय संग्रहालय ज्ञानेश्वर उद्यानाच्याच परिसरात आहे आणि तरीही कारंज्यांकडे धावणाऱ्या शंभर मुलांतली पाच तिथे फिरकत नाहीत. पाटलांनी आयुष्यभर पैठणच्या मातीतून मिळालेल्या वस्तू जमवल्या. वर मी उचलू नका म्हटलं आणि इथे उचलून जमवणाऱ्याचं कौतुक करतोय, असं एखादा हुशार मुलगा म्हणेलच. म्हणू द्या. त्यांनी गोळा केलं नसतं तर यातलं बरंचसं भट्टीत, रस्त्याच्या भरावात किंवा मुंबईच्या जुन्या बाजारात गेलं असतं. आणि त्यांनी ते विकलं नाही. त्या कपाटांपुढे मुलांना एकेक वस्तू निवडायला लावा आणि ती कुणाच्या हातात असेल, यावर पाच ओळी लिहून घ्या. नाण्यांजवळ आलात की नाशिकजवळच्या जोगळटेंभीची हकीकत सांगा. १९०६ साली तिथे तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी शक क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच मारलेला. पराभव म्हणजे काय, ते लढाईच्या चित्रापेक्षा त्या नाण्यावर लवकर समजतं.

राजे गेले. पुढे यादवांनी राजधानी केली ती देवगिरीला. पण पैठणचा एक दरारा उरला, आणि माझ्या मते सहलीत मुलांना दाखवण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे. सिंहासन हललं तरी निकाल देण्याचा मान या गावाकडे राहिला. काय धर्माचं, काय अधर्माचं, कोण आत, कोण बाहेर, हे पैठणात ठरायचं आणि लांबलांबचे लोक ते मानायचे.

हे बघायला नागघाटावर जा. गल्लीतून उतरत उतरत गेलं की एकदम नदी समोर येते. पायऱ्या झिजलेल्या आहेत, काही ठिकाणी शेवाळ असतं, पोरांना धावू देऊ नका. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली ती चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मसभेपुढे आली, आणि ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले ते याच घाटावर, अशी परंपरा आहे. त्या रेड्याची मूर्ती इथे आहे. त्याची समाधी तिकडे जुन्नर तालुक्यात आळ्याला. मुलांना चमत्कार खरा की खोटा, या वादात अडकवू नका, त्यात अर्धा तास जातो. त्यांना विचारा, की आई-बाप गमावलेली ही चिमुरडी मुलं इथवर का आली? त्यांच्या पूर्वजांचं आपेगाव इथून जवळच, नदीकाठीच आहे. तिथल्या लोकांनी का नाही सांगितलं, 'या पोरांनो घरात'? कारण तो अधिकार त्यांचा नव्हता, पैठणचा होता. एका कागदासाठी माणसाला किती फिरावं लागतं, हे तर दाखल्यांसाठी तहसीलला खेटे घातलेल्या पालकांच्या मुलांना शिकवावंही लागत नाही. पैठणहून ही भावंडं नेवाशाला गेली आणि शके १२१२मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सांगून झाली.

घाटावरच सातवाहनांच्या काळची एक गाथाही सांगता येईल. हाल नावाच्या सातवाहन राजाने जमवलेल्या प्राकृत गाथांमध्ये गोदाकाठ सारखा डोकावतो. त्यातली एक बाई रोज नदीवर फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला म्हणते, 'आता खुशाल हिंड बाबा, ज्या कुत्र्याला तू भ्यायचास त्याला गोदेकाठच्या झाडीतल्या सिंहाने आज मारलं.' गृहस्थ पुन्हा तिकडे फिरकेल का? नाही ना, तेच तिला हवं होतं. ती झाडी तिला का मोकळी हवी होती, हे अकरावीच्या मराठीच्या बाईंवर सोपवा.

नागघाटावरून नाथांच्या वाड्यात. गावातलं नाथमंदिर म्हणजे एकनाथांचं राहतं घर होतं, हे मुलांना देवळात शिरण्याआधी सांगा, म्हणजे ती देवळासारखी न बघता घरासारखी बघतील. चौक कुठे, ओसरी कुठे, माणसं जेवायला बसत असतील ती कुठे. आत रांजण आहे. नाथांच्या घरी प्रत्यक्ष देव श्रीखंड्या नावाने चाकरीला राहिला आणि गोदेचं पाणी कावडीने आणून बारा वर्षं भरत राहिला, तो हा रांजण. आजही तुकाराम बीजेपासून लोक घागरी-कळशांनी तो भरायला लागतात, आणि नाथषष्ठीला तो भरून वाहिला की श्रीखंड्या येऊन गेला असं मानतात. फाल्गुन वद्य षष्ठी हा नाथांच्या जलसमाधीचा दिवस, शके १५२१चा. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमीचा काला अशी तीन दिवस यात्रा चालते, दिंड्या लाखाच्या संख्येने माणसं घेऊन येतात. त्या दिवसांत सहल मुळीच आणू नका. मुलं हरवतील आणि दिसणार तर काहीच नाही. आणायची तर पालकांनी आणावी, खांद्यावर बसवून.

वाड्यात सांगायच्या नाथांच्या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत. पण त्या पाठ्यपुस्तकात आल्यामुळे गुळगुळीत झाल्या आहेत. वाळवंटात पाय भाजून रडणारं महाराचं लेकरू नाथांनी कडेवर घेऊन घरी पोचवलं, हे वाचून मुलांना वाटतं, त्यात काय, कुणीही उचललं असतं. नाही उचलत, आणि पैठणात तर नाहीच. ज्या सभेपुढे ज्ञानेश्वरांना हात जोडावे लागले, त्याच गावात, त्याच सभेच्या डोळ्यांदेखत, एका नामवंत ब्राह्मण घरातल्या माणसाने हे केलं. श्राद्धासाठी रांधलेलं अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढलं, त्यांच्या घरी जाऊन जेवला, आणि त्यासाठी बहिष्कार सोसला, असं त्यांची जुनी चरित्रं सांगतात. नागघाट आधी आणि नाथवाडा नंतर, हा क्रम म्हणूनच पाळा. उलट केलंत तर या गोष्टीतला धोका मुलांच्या लक्षात येत नाही. याच माणसाने पुढे ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शके १५०६मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. वाड्याच्या चौकात मुलांना एखादं भारूड म्हणू द्या. विंचवाचं बहुतेकांना येतं. पुजाऱ्यांना आधी विचारा, ते नाही म्हणत नाहीत.

तिथून नदीकडेच्या समाधिमंदिरात जाल तेव्हा वाटेत वेळ मिळेल, तो गल्ल्यांना द्या. एक गोष्ट चालता चालता सांगण्याजोगी आहे. शिवाजी महाराजांच्या १६७४च्या राज्याभिषेकाला काशीहून आलेले गागाभट्ट कुठल्या घराण्यातले? काशीचं ते भट्ट घराणं मूळचं पैठणचं. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात इथून काशीला जाऊन राहिले. अभिषेक व्हावा की होऊ नये, हा निकालही अखेर पैठणच्या रक्ताच्या माणसाने दिला. जैनांचंच बघा. श्वेतांबर पंथात संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीची चतुर्थीला आली, ती कालकाचार्यांनी इथल्या सातवाहन राजाच्या विनंतीवरून आणली, असं जैन परंपरा सांगते. राजाचा इंद्रोत्सव पंचमीला येत होता. म्हणजे सणाची तिथीसुद्धा पैठणात हलली. गावात मुनिसुव्रतनाथांचं दिगंबर जैन मंदिर आहे, आतली मूर्ती वालुकामय मानतात, लांबून यात्रेकरू येतात. चक्रधरस्वामींच्या कितीतरी लीळा पैठणच्या आहेत, महानुभाव मंडळी त्या जागा पायी नमस्कार करत फिरतात. तीर्थखांब बघा, लोक त्याला शालिवाहनाचा विजयस्तंभ म्हणतात, पण त्यावरचं कोरीवकाम सातवाहनांच्या पुष्कळ नंतरचं आहे. मौलाना साहेबांच्या दर्ग्यात सगळ्या धर्माची माणसं येतात, मुलींनी डोक्यावर रुमाल घ्यावा, एवढं पाळा.

आणि इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक लग्न. २७ डिसेंबर १७६० रोजी नानासाहेब पेशव्यांनी पैठणात लग्न केलं, इथल्या वाखरे सावकारांच्या लहानग्या मुलीशी. भाऊसाहेब तेव्हा पानिपतावर अडकलेले. चौदा जानेवारीला जे झालं ते झालं. मधे दिवस गेले अठरा. पानिपताचा धडा शिकवताना नकाशावर बोट पानिपतावर असतंच, दुसरं बोट पैठणवर ठेवा.

आता पैठणी. इथे मात्र सहली हमखास चुकतात, कारण त्या दुकानात नेतात. दुकानात मुलांना काय दिसणार? किंमत. मागावर न्या. सरकारी पैठणी केंद्र आहे, घरगुती मागही आहेत. आधी सांगून दहा-दहाच्या गटाने गेलं तर विणणाऱ्या बाया कौतुकाने दाखवतात. पदर विणताना धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ पळत नाही. मोराच्या मानेला निळ्या रेशमाची एक कांडी, चोचीला लाल, पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्याला वेगळी, अशा कितीतरी कांड्या ताण्यावर ओळीने पडलेल्या असतात. बाई बोटांच्या टोकांनी ताण्याचे धागे मोजते, दोन उचलते, तीन सोडते, कांडी खालून काढते, शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकवून परत फिरवते, मग फणी ठोकते. हे एका ओळीचं झालं. दिवसभर बसलं तरी भरगच्च पदर थोडासाच पुढे सरकतो. मुलांना म्हणावं, साडी उलटी करून बघा. मागून एकही धागा लोंबत नाही, मोर दोन्हीकडून सारखाच. ज्या मुलीला शिवणकामाचा तास नकोसा असतो तीसुद्धा इथे खाली बसते. पैठणच्या सातवाहनकालीन व्यापारात कापड होतं, पेशव्यांच्या आणि निजामाच्या घरात पैठणी होती. आज इथले कारागीर येवल्याच्या मानाने थोडे उरलेत. मागाच्या मालकांनी मुलांना काही फुकट दाखवायचं, याची अपेक्षा धरू नका. शाळेच्या वतीने काहीतरी मानधन ठेवा. बागेच्या तिकिटाला पैसे निघतात ना?

एवढं होईतो दोन वाजतील. मग जेवा, आणि मग खुशाल धरणावर जा. माझं धरणाशी वैर नाही. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ साली उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटरची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि निम्म्या मराठवाड्याची तहान. हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे धरणाच्या जलाशयावर, रोहित पक्षी उतरतात, दुर्बीण असेल तर आणा. पण धरणाची गोष्टही पूर्ण सांगा. या पाण्याखाली शंभरावर गावं गेली, त्यांच्या पांढऱ्या गेल्या, म्हणजे आपण सकाळी दरडीत वाचले तसे थर गेले. आणि २००६च्या पावसाळ्यात दरवाजे उघडले तेव्हा पाणी पैठणच्या घरांत शिरलं होतं. नागघाटाच्या ज्या पायऱ्यांवर तुम्ही उभे राहिलात, त्या अशा वेळी दिसतसुद्धा नाहीत.

काही किरकोळ पण कामाच्या गोष्टी. मोठी गाडी जुन्या गावात घालू नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि एकदा अडकली की मागे घ्यायला अर्धं गाव गोळा होतं. ती बाहेरच थांबवा. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. शंभर मुलांना एकत्र फिरवू नका, पंचवीस-पंचवीसचे गट करा आणि एकेक गट वेगळ्या टोकाकडून सोडा. फक्त नागघाट आणि नाथवाडा यांचा क्रम तेवढा सगळ्यांना सारखा ठेवा. पिण्याचं पाणी बरोबर असू द्या. घाटावर शिक्षकांपैकी एकाने खालच्या पायरीवर उभं राहावं, मुलांच्या आणि नदीच्या मधे. आणि 'मी केलेली सहल' हा निबंध लिहायला देणारच असाल, तर या वर्षी विषय बदलून 'पैठणच्या मातीत मी काय पाहिलं' असा द्या. त्यातले दोन-चार मला पोस्टाने पाठवलेत तर आनंदाने वाचीन. पत्ता नाथमंदिरात कुणालाही विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जुन्या पैठणातला एक निवृत्त इतिहास शिक्षक